सरकारी अनुदानाचे भाड्याचे घर : जर्मनीत ‘वे-बे-एस’ दाखला कसा मिळवावा?



गणपतीच्या कार्यक्रमात आरती झाली आणि प्रसादाच्या रांगेत एका ओळखीच्या वहिनींनी हळूच विचारले, "काका, आम्ही वे-बे-एससाठी अर्ज केला तर व्हिसावर काही परिणाम होईल का हो?" यजमानांची एकट्याची नोकरी, दोन लहान मुले, दोन खोल्यांचे घर आणि जवळजवळ निम्मा पगार भाड्यात जाणारा. तरीही वर्षभर त्यांनी अर्ज केला नव्हता. कोणीतरी त्यांना सांगितले होते की ही सरकारची मदत आहे, घेतली की कायमचा परवाना मिळत नाही. दुसऱ्या कोणी सांगितले होते की ब्लू कार्डवाल्यांना हे मिळतच नाही. दोन्ही गोष्टी ऐकीव होत्या, आणि दोन्ही चुकीच्या निघाल्या.

असे प्रश्न मंडळात वारंवार येतात, म्हणून सगळी माहिती एका जागी देत आहे. लेख थोडा लांब झाला आहे, पण घराचा प्रश्न आहे, तेव्हा सावकाश वाचा आणि गरजूंना पाठवा.

१. ‘सोत्सियालवोनुंग’ म्हणजे काय?

आपल्याकडे स्वस्त घर म्हटले की म्हाडाची सोडत आठवते. तिथे नशीब लागले की घर बहुधा विकत मिळते. जर्मनीतली पद्धत वेगळी आहे. इथे सरकार घर बांधणाऱ्याला स्वस्त कर्ज किंवा अनुदान देते. त्याच्या बदल्यात बांधणारा दोन अटी मान्य करतो : ठरावीक वर्षे भाडे ठरलेल्या मर्यादेत ठेवायचे, आणि ते घर फक्त सरकारी दाखला असलेल्या कुटुंबालाच द्यायचे. अशा घराला ‘सोत्सियालवोनुंग’ म्हणतात. बांधणारी संस्था नगरपालिकेची कंपनी असू शकते, सहकारी संस्था असू शकते किंवा खाजगी मालकही असू शकतो. घर भाड्याचेच राहते, मालकीचे होत नाही.

याची सुरुवात युद्धानंतर झाली. शहरे उद्ध्वस्त झाली होती आणि लाखो निर्वासितांना छप्पर हवे होते, म्हणून पश्चिम जर्मनीने १९५० साली पहिला गृहबांधणी कायदा केला. १९५६ साली दुसरा आला. सध्याचा केंद्रीय कायदा १ जानेवारी २००२ पासून लागू आहे. २००६ च्या घटनादुरुस्तीनंतर हा विषय राज्यांकडे गेला, त्यामुळे बव्हेरिया, नॉर्थ राइन-वेस्टफालिया यांसारख्या राज्यांनी स्वतःचे कायदे केले. म्हणूनच बर्लिनच्या मित्राने सांगितलेला आकडा म्युनिकला लागू पडेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. अटींची मुदत संपली की घर साध्या बाजारात जाते. नवी घरे तेवढ्या वेगाने बांधली जात नाहीत. २००२ च्या सुमारास देशात अशी साधारण २५ लाख घरे होती, २०२३ च्या अखेरीस ती ११ लाखांच्याही थोडी खाली आली. मागणारे खूप आणि घरे कमी, हे चित्र मनात ठेवूनच पुढचे वाचावे.

२. वे-बे-एस म्हणजे काय, आणि काय नाही?

पूर्ण नाव ‘वोनबेरेश्टिगुंग्सशाइन’, म्हणजे घर भाड्याने घेण्याच्या पात्रतेचा दाखला. हॅम्बुर्गमध्ये याला लोक अजूनही ‘कलम पाचचा दाखला’ म्हणतात. दाखल्यावर दोन मुख्य गोष्टी असतात : तुमच्या घरात किती माणसे धरली आहेत, आणि त्यांना केवढे घर घेता येईल. दाखला साधारणपणे एक वर्ष चालतो आणि ज्या राज्याने दिला त्या राज्यात चालतो. वर्षभरात घर मिळाले नाही तर पुन्हा अर्ज करावा लागतो.

हा दाखला म्हणजे घर नव्हे. तो मिळाला म्हणून कोणी तुम्हाला किल्ली देत नाही. रेल्वेच्या प्लॅटफॉर्म तिकिटासारखा तो समजा : आत जाता येते, पण जागा आपणच मिळवायची.

३. अर्ज कोण करू शकतो?

जर्मन नागरिक असण्याची अट नाही. कायद्याची अपेक्षा एवढीच की अर्जदार इथे तात्पुरता आलेला नसावा आणि त्याला कुटुंबासह दीर्घकाळ स्वतंत्र संसार थाटता यावा. व्यवहारात याचा अर्थ असा की निवासी परवाना पुरेशा मुदतीचा हवा, बहुतेक कार्यालये साधारण एक वर्ष शिल्लक आहे का ते पाहतात. म्हणून परवाना संपत आला असेल तर आधी त्याचे नूतनीकरण करून घ्यावे आणि मग अर्ज द्यावा.

आपल्या लोकांना नेहमी पडणारे काही प्रश्न :

*भारतातून सहा महिने आलेले आई-वडील मोजले जातात का?* नाही. भेटीच्या व्हिसावर आलेले पाहुणे घरातली माणसे म्हणून धरली जात नाहीत. त्यांच्यासाठी जास्तीची खोली मागता येत नाही.

*बायको-मुले अजून भारतात आहेत, व्हिसा व्हायचा आहे?* लवकरच येणार असतील तर कागदपत्रे दाखवून विचारावे. नुसते ‘येणार आहेत’ म्हणून चालत नाही. बहुतेकांना कुटुंब आल्यावर नव्याने अर्ज देणेच सोपे जाते.

*बाळ होणार आहे?* ‘मुटरपास’ची प्रत जोडावी. येणारे बाळ धरले जाते; कितव्या आठवड्यापासून, ते तुमच्या कार्यालयाला विचारा. एका खोलीचा फरक पडू शकतो.

*विद्यार्थी?* परवाना थोड्या मुदतीचा असल्याने अडचण येते. त्यांनी आधी विद्यापीठाच्या ‘श्टुडिरेंडेनवेर्क’च्या वसतिगृहासाठी नाव नोंदवावे, आणि प्रवेशपत्र हातात पडताच नोंदवावे.

४. उत्पन्नाचे गणित

आपली माणसे बहुतेक इथेच चुकतात. मर्यादेचा आकडा पाहतात, आपला वार्षिक पगार पाहतात आणि ‘आपल्याला नाही मिळणार’ म्हणून पान बंद करतात. पण तो आकडा पगाराचा नसतो, वजावटीनंतरच्या उत्पन्नाचा असतो.

केंद्रीय कायद्यातल्या मूळ मर्यादा अशा आहेत :

- एक माणूस : १२,००० युरो
- दोन माणसे : १८,००० युरो
- पुढच्या प्रत्येक माणसामागे : ४,१०० युरो जास्त
- त्यातले मूल असेल तर प्रत्येक मुलामागे आणखी : ५०० युरो

म्हणजे आई-वडील आणि दोन मुले यांची मूळ मर्यादा २७,२०० युरो झाली.

बहुतेक राज्यांच्या मर्यादा याच्याही वर आहेत. बर्लिनमध्ये मूळ मर्यादेच्या टक्केवारीत दाखले मिळतात : १००, १४०, १६०, १८० आणि २०२३ पासून २२०. चौघांच्या कुटुंबाची १४० टक्क्यांची मर्यादा ३८,०८० युरो होते आणि २२० टक्क्यांची ५९,८४० युरो. मात्र कोणते घर कोणत्या टक्क्याच्या दाखल्यावर मिळते ते ठरलेले असते. जुनी आणि जास्त स्वस्त घरे बहुधा खालच्या टक्क्यांत असतात, २२० ची घरे नव्या बांधकामात आणि थोडीच आहेत.

आता वजावट पाहू. केंद्रीय कायद्याची पद्धत अशी :

(अ) घरातल्या सर्वांचा वर्षाचा एकूण पगार घ्यावा, कर कापण्याआधीचा. बोनस आणि तेरावा पगारही त्यात येतो.
(आ) प्रत्येक नोकरदारामागे नोकरीच्या खर्चाची ठोक रक्कम वजा करावी. २०२३ पासून ती १,२३० युरो आहे. प्रत्यक्ष खर्च जास्त असेल तर पुराव्यासह तो धरता येतो.
(इ) आयकर भरत असाल तर १० टक्के, आरोग्य विम्याचे १० टक्के आणि पेन्शन विम्याचे १० टक्के वजा करावेत. पगारदार माणसाचे बहुधा तिन्ही धरले जातात, म्हणजे एकूण ३० टक्के.
(ई) काही कुटुंबांना खास सवलत असते. त्यातली आपल्या तरुण मंडळींच्या उपयोगाची म्हणजे नवदांपत्याची : लग्नाचे वर्ष सोडून पुढची पाच वर्षे, दोघेही चाळिशीच्या आत असतील तर ४,००० युरो आणखी वजा होतात. गंभीर अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी आणि एकट्या पालकासाठीही सवलती आहेत.

मुलांचे ‘किंडरगेल्ड’ या उत्पन्नात धरत नाहीत.

दोन उदाहरणे करून पाहू.

*पहिले :* नवरा-बायको, लग्नाला दोन वर्षे झालेली, दोघेही तिशीतले, एकाचीच नोकरी, पगार वर्षाला ३२,००० युरो. १,२३० गेले, राहिले ३०,७७०. त्याचे ३० टक्के गेले, राहिले २१,५३९. नवदांपत्याची सवलत ४,०००, उरले १७,५३९. दोन माणसांची मूळ मर्यादा १८,०००. म्हणजे अगदी खालच्या केंद्रीय मर्यादेतही हे जोडपे बसते.

*दुसरे :* आई-वडील आणि दोन मुले, एकाची नोकरी, पगार ५२,००० युरो, घर बर्लिनमध्ये. १,२३० गेले, राहिले ५०,७७०. ३० टक्के गेले, राहिले ३५,५३९. मूळ मर्यादा २७,२०० पेक्षा हे जास्त आहे, पण बर्लिनच्या १४० टक्क्यांच्या मर्यादेत, म्हणजे ३८,०८० मध्ये, बसते. २०२५ साली ब्लू कार्डची साधारण पगारमर्यादा ४८,३०० युरो होती. म्हणजे एका पगारावर चालणारे ब्लू कार्डवाले कुटुंबही पात्र ठरू शकते. आमच्या वहिनींचे गणित जवळपास असेच निघाले!

तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन आधी हिशेब करा. आपल्या राज्याचे आकडे आणि वजावटीचे नियम शहराच्या संकेतस्थळावर मिळतात. भारतातले घरभाडे, व्याज वगैरे उत्पन्न असेल आणि अर्जात त्याबद्दल विचारले असेल तर खरे लिहावे. ते धरायचे की नाही हे कार्यालय ठरवील, लपवणे मात्र पुढे महागात पडते.

५. केवढे घर मिळते?

साधारण नियम असा की माणशी एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वेगळे. काही राज्यांत क्षेत्रफळही ठरलेले आहे. उदाहरणार्थ, नॉर्थ राइन-वेस्टफालियात एकट्या माणसाला ५० चौरस मीटर, दोघांना ६५ चौरस मीटर किंवा दोन खोल्या, आणि पुढे प्रत्येक माणसामागे १५ चौरस मीटर किंवा एक खोली. इथल्या जाहिरातीतली ‘तीन खोल्यांची’ जागा म्हणजे आपल्याकडचा टू बीएचके, कारण हॉलही खोली म्हणूनच मोजतात. हा घोळ नव्याने आलेल्यांचा हमखास होतो.

६. कागदपत्रे

राज्याराज्यांत फरक असतो, पण ही फाईल तयार ठेवली तर बहुतेक ठिकाणी काम भागते :

- सर्वांचे पासपोर्ट आणि निवासी परवाने यांच्या प्रती, परवान्याच्या कार्डाच्या दोन्ही बाजू
- पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, म्हणजे ‘मेल्डेबेशाइनिगुंग’
- अर्जाचा फॉर्म आणि कमावत्या प्रत्येकासाठी वेगळा उत्पन्नाचा फॉर्म
- कंपनीने भरून दिलेले पगाराचे पत्रक किंवा गेल्या बारा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या
- असल्यास शेवटचा कर-निर्धारणाचा कागद
- लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, जर्मन भाषांतरासह
- गरोदरपणी मुटरपास, अपंगत्व असल्यास त्याचे कार्ड
- विद्यार्थी किंवा शिकाऊ उमेदवार घरात असल्यास त्याचा दाखला

भाषांतर कोर्टाने शपथ दिलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे. आपल्याकडचे जुने जन्मदाखले फक्त मराठीत असतात, त्यांचा जर्मन भाषांतरकार मिळणे कठीण जाते. म्हणून भारतात गेलात की नगरपालिकेतून इंग्रजी-मराठी असा दुभाषी दाखला काढून आणावा. पासपोर्टवरचे नाव, लग्नाच्या दाखल्यावरचे नाव आणि मुलाच्या दाखल्यावरचे आईचे नाव वेगवेगळे असेल, आणि आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलल्याने ते बहुतेक असतेच, तर चार ओळींचे स्पष्टीकरण जर्मनमध्ये लिहून जोडावे. नाहीतर महिनाभराने पत्र येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मूळ कागद कधीही टपालाने पाठवू नयेत. प्रतीच द्याव्यात, आणि दिलेल्या सगळ्याची एक प्रत घरी ठेवावी.

७. अर्ज कुठे करायचा?

आपण राहतो त्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या गृहनिर्माण कार्यालयात. त्याचे नाव गावोगावी बदलते : बर्लिनमध्ये प्रत्येक विभागाचे ‘वोनुंग्सआम्ट’, फ्रँकफर्टमध्ये ‘आम्ट फ्युर वोनुंग्सवेझेन’, म्युनिकमध्ये ‘आम्ट फ्युर वोनेन उंड मिग्रात्सियोन’. लहान गावात राटहाउसमध्ये विचारले की सांगतात. बऱ्याच शहरांत आता अर्ज संगणकावरून भरता येतो. काही ठिकाणी दाखला फुकट आहे, काही ठिकाणी थोडी फी पडते. निकाल यायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात.

महत्त्वाचा फरक लक्षात घ्या. काही शहरांत, उदाहरणार्थ बर्लिनमध्ये, दाखला घेऊन घर आपणच शोधायचे असते. म्युनिक आणि फ्रँकफर्टसारख्या शहरांत कार्यालय अर्जदारांची यादी ठेवते, गरजेप्रमाणे क्रम लावते आणि घर रिकामे झाले की मालकाला काही नावे सुचवते. म्युनिकमध्ये ‘सोवोन’ नावाच्या नगरपालिकेच्या संगणकीय यंत्रणेत जाहीर झालेल्या घरांसाठी आपणच इच्छा नोंदवायची असते. अशा शहरात नुसते नाव नोंदवून गप्प बसलात तर काहीच होत नाही.

घरात फार गर्दी, गंभीर आजार, घर सोडण्याची नोटीस किंवा गरोदरपण अशी कारणे असतील तर तातडीची गरज म्हणून नोंद होऊ शकते. ‘ड्रिंगलिश’ हा शब्द फॉर्ममध्ये दिसला तर तो रकाना मोकळा सोडू नका. डॉक्टरांचे पत्र, घराचा नकाशा, मालकाचे पत्र, जे असेल ते जोडा. आपल्याला ‘रडगाणे’ गायला संकोच वाटतो, पण इथे कागदावर जे नाही ते नाहीच.

८. दाखला हातात आला, आता पुढे?

पहिल्या दिवसापासून शोध सुरू करावा. वर्ष पटकन सरते. कुठे पाहावे?

- *नगरपालिकेच्या गृहकंपन्या.* बर्लिनमध्ये देगेवो, गेझोबाउ, गेवोबाग, होवोगे, श्टाट उंड लांड आणि वे-बे-एम अशा सहा आहेत, आणि त्यांची घरे ‘इनबर्लिनवोनेन’ या एकाच संकेतस्थळावर पाहता येतात. हॅम्बुर्गमध्ये सागा, फ्रँकफर्टमध्ये आबेगे आणि नासाउइशे हाइमश्टेटे. म्युनिकमधल्या गेवोफाग आणि गेवेगे या दोन कंपन्या १ जानेवारी २०२४ पासून ‘म्युन्शनर वोनेन’ या नावाने एक झाल्या आहेत, जुन्या नावाने शोधू नका.
- *सहकारी संस्था,* म्हणजे ‘गेनॉसेनशाफ्ट’. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारखी, पण सभासद भाडेकरू असतो. भागाची रक्कम आधी भरावी लागते, सोडताना ती परत मिळते.
- *नेहमीची घरांची संकेतस्थळे.* तिथे ‘वे-बे-एस आवश्यक’ असा शोध लावता येतो.

घरमालकाला द्यायची दुसरी फाईलही तयार हवी : दाखला, शेवटच्या तीन पगारपावत्या, ‘शूफा’चा अहवाल, आधीच्या मालकाचे भाडे थकले नसल्याचे पत्र आणि आपल्या कुटुंबाची चार ओळींची ओळख जर्मन भाषेत. शूफाकडे आपल्याबद्दलच्या नोंदींची प्रत कायद्याने फुकट मागता येते. ती सगळीच माहिती मालकाला दाखवण्याची गरज नसते, हेही ध्यानात ठेवा.

जाहिरात पडल्यावर पहिल्या तासाभरात पाठवलेल्या अर्जाला अर्थ असतो, रात्री जेवून निवांत पाठवलेल्याला क्वचितच. फोनवर सूचना लावून ठेवा.

भाडे पाहताना ‘काल्टमीटे’ म्हणजे मूळ भाडे आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे पाणी, कचरा, हीटिंग वगैरे धरून भाडे, हा फरक पाहावा. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पुढे पगार वाढला तर घर सोडावे लागते का? नाही. दाखला घर घेताना लागतो. मात्र काही राज्यांत उत्पन्न बरेच वाढल्यास जादा आकार भरावा लागतो. हेसनमध्ये २०१६ पासून तो पुन्हा लागू झाला आहे, तेव्हा फ्रँकफर्टकरांनी आलेल्या पत्राला वेळेत उत्तर द्यावे.

९. व्हिसा आणि नागरिकत्वावर परिणाम?

आता वहिनींचा प्रश्न. वे-बे-एस हा पैसा नाही, पात्रतेचा दाखला आहे. तुमच्या खात्यात सरकारकडून एक सेंटही जमा होत नाही, भाडे तुम्ही तुमच्या पगारातूनच देता. त्यामुळे ‘सरकारी पैशावर जगतो’ असा त्याचा अर्थ होत नाही. उलट भाडे कमी झाल्याने पगार पुरतो हे दाखवणे सोपे जाते.

‘वोनगेल्ड’ची गोष्ट वेगळी आहे, आणि लोक या दोन्हींची गल्लत करतात. वोनगेल्ड म्हणजे भाड्यासाठी दरमहा मिळणारी रोख मदत. १ जानेवारी २०२३ पासून तिच्या मर्यादा बऱ्याच वाढल्या आणि जास्त कुटुंबे पात्र झाली. १ जानेवारी २०२५ ला रक्कम पुन्हा वाढली. अर्ज ज्या महिन्यात दिला त्या महिन्यापासून ती मिळते, मागचे मिळत नाही. पण निवासाच्या कायद्यात ‘ही मदत घेतली तरी हरकत नाही’ अशी जी यादी आहे, तिच्यात किंडरगेल्ड, मुलांसाठीचा जादा भत्ता, एल्टर्नगेल्ड ही नावे आहेत, वोनगेल्ड नाही. म्हणून परवान्याचे नूतनीकरण किंवा कायमचा परवाना जवळ आला असेल तर वोनगेल्डचा अर्ज देण्यापूर्वी सल्ला घ्यावा. नागरिकत्वाच्या नेहमीच्या मार्गात कायदा बेकार किंवा निराधारांसाठीच्या मूलभूत मदतीबद्दल विचारतो, वोनगेल्ड त्यात येत नाही.

असा सल्ला फुकट मिळण्याची सोय आहे. कारितास, डियाकोनी, आवो अशा संस्था सरकारी खर्चाने परदेशातून आलेल्यांसाठी सल्लाकेंद्रे चालवतात. वेळ घेऊन जावे आणि सगळे कागद बरोबर न्यावेत.

१०. नकार आला तर

नकाराचे पत्र, म्हणजे ‘बेशाइड’, फेकून देऊ नका. कारण काय लिहिले आहे ते पाहा. बऱ्याच वेळा एखादा कागद कमी असतो किंवा गेल्या वर्षीचा मोठा बोनस पुढच्या वर्षीही धरलेला असतो. पत्राच्या शेवटी दाद कुठे मागायची ते छापलेले असते : काही राज्यांत त्याच कार्यालयाकडे ‘विडरश्प्रुख’, काही राज्यांत थेट प्रशासकीय न्यायालय. मुदत साधारण एक महिना असते. उन्हाळ्यात भारतात जाताना शेजाऱ्याला पत्रपेटी बघायला सांगून जा, मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

घरमालकाकडून नाव ऐकूनच वारंवार नकार येतो असे वाटले तर? २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्याने वंशावरून भेदभाव करण्यास घरांच्या बाबतीतही मनाई आहे. दावा साधारणपणे दोन महिन्यांच्या आत लेखी करावा लागतो, म्हणून ईमेल जपून ठेवा आणि तारखा लिहून ठेवा. केंद्र सरकारचे भेदभावविरोधी कार्यालय सल्ला देते.

११. फसवणुकीपासून सावध

घर पाहण्यापूर्वी कोणालाही पैसे पाठवू नका. ‘मी लंडनला आहे, किल्ली पोस्टाने पाठवतो’ हा जुना प्रकार अजूनही चालू आहे. दलालाची फी त्याला ज्याने नेमले त्याने द्यायची, असा १ जून २०१५ पासून नियम आहे. आणि ‘पाचशे युरो द्या, वे-बे-एस करून देतो’ म्हणणारा कोणी आपलाच माणूस भेटला तर त्याला नम्रपणे नमस्कार करा. अर्ज भरायला मंडळात मदत मिळते, फुकट मिळते.

थोडक्यात

१. आधी हिशेब करा, पगाराच्या आकड्याला घाबरू नका.
२. परवान्याची मुदत पाहा.
३. फाईल एकदाच नीट बनवा.
४. आपल्या शहरात घर कोण शोधते, आपण की कार्यालय, ते विचारा.
५. दाखला मिळाल्यावर रोज शोधा, वर्ष संपण्यापूर्वी नवा अर्ज द्या.
६. वे-बे-एस आणि वोनगेल्ड यांची गल्लत करू नका.

आणि एक शेवटचे. आपल्या मध्यमवर्गीय मनाला सरकारी सवलत मागणे कमीपणाचे वाटते. ‘आम्ही काय गरीब आहोत?’ असे एक गृहस्थ मला म्हणाले होते. पण ही भीक नाही. ही घरे सगळ्यांच्या करातून उभी राहिली आहेत, आणि तो कर आपणही दरमहा भरतो. मर्यादेत बसत असाल तर तो तुमचा हक्क आहे. बसत नसाल तर ज्याला गरज आहे त्याच्यासाठी जागा सोडणे, हीही तितकीच चांगली गोष्ट.

वहिनींना दाखला मिळाला, घर अजून मिळालेले नाही. आतापर्यंत अकरा घरे पाहून झाली आहेत. पण आता त्या रांगेत तरी उभ्या आहेत, वर्षभर दाराबाहेर नुसत्या काळजी करत बसल्या नाहीत.

ही माहिती वाचकांच्या सोयीसाठी आहे, वकिलाच्या सल्ल्याची जागा ती घेऊ शकत नाही. आकडे बदलत असतात, अर्ज देताना आपल्या शहराचे ताजे आकडे पाहावेत. तुमच्या शहरातला अनुभव वेगळा असेल तर मंडळाला जरूर लिहून कळवा, म्हणजे पुढच्या माणसाची एक चक्कर वाचेल.

सर्वांना मनासारखे घर मिळो, ही शुभेच्छा!